धुण्याच्या यादीवरून स्वर्गात

शनिवार, रात्री

जेवताना शाकाहोलाच्या खटल्याचा विषय निघाला आणि बाबांनी नेहमीचा निकाल देऊन टाकला. "माणसं इतकी मूर्ख असतात तरी कशी?" मग आमटी वाढून घेतली. विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. केनियात मालिंदीजवळचं ते जंगल. २०२३च्या एप्रिलपासून तिथं उकरायला सुरुवात झाली आणि चारशेहून जास्त प्रेतं निघाली. पॉल मॅकेन्झी हा पूर्वी टॅक्सी चालवायचा, पुढे स्वतःचं चर्च काढून पाद्री झाला. जग बुडायच्या आत उपाशी राहून देह ठेवा म्हणजे येशू भेटेल, असं त्यानं लोकांना सांगितल्याचा आरोप आहे. तो नाकारतो. प्रेतांमध्ये लहान मुलं पुष्कळ. पोटच्या पोराला उपाशी ठेवणाऱ्या आईबापाला नुसतं मूर्ख म्हणून कसं भागेल? मूर्ख माणूस भूक लागली की जेवतो.

उतारा म्हणून रात्री ‘रेड ड्वार्फ’ लावली. बीबीसीची १९८८ साली सुरू झालेली विनोदी मालिका, त्यातला पहिल्याच हंगामातला ‘वेटिंग फॉर गॉड’ हा भाग. इतक्या भागांतून हाच बरा सापडला!

लिस्टर हा एका अवाढव्य अंतराळयानावरचा सगळ्यात खालच्या पायरीचा कामगार. चोरून मांजर आणली म्हणून त्याला शिक्षा होते, काळ थांबवून ठेवणाऱ्या कोठडीत बंद. तेवढ्यात यानात किरणोत्सर्ग होतो, बाकी सगळे मरतात आणि हा बाहेर येतो तो तीस लाख वर्षांनी. मांजर गाभण होती. खालच्या कोठारात तिची पिल्लावळ वाढत वाढत दोन पायांवर चालायला लागली आणि तिनं धर्मही काढला. देव अर्थातच लिस्टर. त्याच्या कपड्यांवरचे कस्टर्डचे आणि ग्रेव्हीचे डाग पवित्र. फिजी बेटावर जाऊन हॉटडॉग आणि डोनटची टपरी टाकायची एवढीच त्याची आयुष्याची इच्छा होती, तर तोच झाला स्वर्ग. त्या टपरीवर घालायच्या पुठ्ठ्याच्या टोप्या लाल की निळ्या, यावरून हजारो वर्षं धर्मयुद्ध.

मांजरांची पोथी वासाची, हुंगून वाचायची. लिस्टरला ती यानाचा संगणक समजावून सांगतो. टोप्यांचं ऐकून हा कळवळतो, की अरे, त्या तर हिरव्या असणार होत्या! युद्धातून उरलेल्यांनी दोन यानं बांधली. एकातल्या मंडळींनी देवाच्या हातची पवित्र यादी ताऱ्यांचा नकाशा समजून वाट धरली आणि थेट एका लघुग्रहावर जाऊन आपटली. यादी धुवायला टाकलेल्या कपड्यांची होती.

इथं मी दर वेळी फिस्सकन हसते. आज हसता हसता एक गोष्ट खटकली. या इंग्रज विनोदात देव बिचारा नेहमी निरपराध असतो. लिस्टरला कुणी विचारलेलंच नाही. माँटी पायथनवाल्यांनी टीव्हीवरून मोठ्या पडद्यावर जाऊन १९७९ साली केलेला ‘लाइफ ऑफ ब्रायन’ घ्या. तो ब्रायन ओरडून सांगतो की मी तो मसीहा नव्हे, आणि लोक त्याच्या पायातून निसटलेल्या चपलेवरून पंथ काढून मोकळे होतात. सगळा दोष मागे धावणाऱ्यांचा. बातम्यांमधला देव असा नकोनको म्हणत पळत नाही. त्याच्याकडे पावतीपुस्तक असतं.

ओम शिनरिक्यो या जपानी पंथाचा गुरू शोको आसाहारा स्वतःच्या आंघोळीचं पाणी विकायचा. तारा आणि इलेक्ट्रोड लावलेली एक टोपी होती. ती घातली की गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या डोक्यात उतरतात म्हणे, आणि त्या टोपीचेही भरपूर पैसे. पंथातली लहान पोरंसुद्धा ती घालून बसायची. यापुढे लिस्टरची पुठ्ठ्याची टोपी परवडली. याच लोकांनी २० मार्च १९९५ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. तो बनवणारे रसायनशास्त्र शिकलेले होते आणि डब्यात पिशव्या फोडणाऱ्यांपैकी एकजण हृदयाची ऑपरेशनं करणारा सर्जन होता. आता बाबांच्या त्या प्रश्नाचं काय करायचं? २०१८च्या जुलैत आसाहारासकट तेरा जणांना फाशी झाली. पंथ नाव बदलून आजही चालू आहे.

आपण पुणेकरांनी तर दुसऱ्याला मूर्ख म्हणताना जरा जपून. कोरेगाव पार्कातून रजनीशांचा बाडबिस्तरा १९८१ साली अमेरिकेत गेला, ओरेगनमध्ये. १९८४ साली तिथल्या काही शिष्यांनी स्थानिक निवडणुकीत मतदार घरी बसावेत म्हणून द डॅलस गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू कालवले. ७५१ माणसं आजारी पडली, मेलं कुणी नाही. चांगले शिकलेसवरलेले शिष्य. तरी ‘रजनीश म्हणजे काय, पुस्तकं छान आहेत हं’ असं आमच्या कॉलनीत अजून ऐकू येतं. पुस्तकं छान असतीलही.

त्या भागातलं मला सगळ्यात आवडतं ते टोप्यांचं किंवा यादीचं नाही. मांजरांपैकी एक म्हातारा आंधळा पुजारी यानात मागे राहिलाय. देव काही आला नाही, आयुष्य फुकट गेलं म्हणून त्याचा विश्वास उडालाय आणि मरायच्या आधी पवित्र टोपी जाळून टाका म्हणतोय. लिस्टर देवाचं सोंग घेऊन समोर जातो आणि सांगतो की ही तुझी परीक्षा होती, तू पास झालास. म्हातारा आनंदानं वेडा होतो आणि त्याच आनंदात मरतो. अख्खा भाग ज्या धर्माची टर उडवली, त्याच धर्माची एक थाप मारून लिखाण करणारे मोकळे. मला ते खोटं पटलं, आणि पटलं म्हणून जरा रागही आला. मरणाऱ्याला ठीक आहे. पण ज्याला अजून वीस वर्षं काढायचीत त्याला काय सांगायचं?

आपला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा बुवाला पकडतो. बरोबरच आहे. पण बुवा आत गेल्यावर भक्त गुरुवारी संध्याकाळी काय करतो, याला कलम नाही.

आत्याचे महाराज गेल्या वर्षी आत गेले. पैशांचं प्रकरण, शिवाय आणखीही काही, ते घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आत्या रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती दोन दिवस गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पैसे गेले ते गेले गं. पण आमच्या बायकांचा ग्रुप फुटला." बारा-पंधरा जणी, भजन, मग चहा, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. काका गेल्यावर या बायकांनीच तिला उचलून धरलं होतं, आम्ही नाही. आम्ही तेराव्यानंतर आपापल्या कामाला लागलो होतो.

काल तिचा फोन आला. त्यातल्या तिघी-चौघींनी पुन्हा जमायला सुरुवात केलीय, त्याच हॉलमध्ये. महाराजांचा फोटो अजून भिंतीवर आहे म्हणाली. "नुसती भजनाला जाऊ का गं? देणगी नाही देणार."

फोटो काढायला सांग आणि जा, असं म्हटलं मी. ती म्हणाली, "ते मी कसं सांगू? हॉल त्यांचा आहे."