हळदीचा आकडा

"मशीन बिघडलंय का हो?" आज सांगलीत स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावणातून किती प्रकाश पार होतो ते मोजणारं मशीन) हळदीच्या अर्काचा अ‍ॅब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश शोषण्याचा आकडा, २.९ आला, तेव्हाचा हा प्रश्न.

मशीन ठणठणीत होतं. अर्कच दाट होता. २.९ म्हणजे हजारातला जेमतेम सव्वा भाग प्रकाश पलीकडे पोचतो. मग उपकरणातला भटका प्रकाशही त्यात मिसळतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. इथेनॉल घालून दहापट पातळ करा, आकडा ०.२ ते ०.८ मध्ये आणा, मग ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. फ्लास्कला फॉइल गुंडाळा, कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, उजेडात विटतं. आणि क्युव्हेटच्या (नमुना भरायच्या छोट्या चौकोनी नळीच्या) पारदर्शक बाजूला बोटं लावू नका, राव!

खरी गोम पुढे आहे. भेसळीचा मेटानिल यलो हा कृत्रिम पिवळा रंगही साधारण तिथेच प्रकाश शोषतो. मग एकाच तरंगलांबीवरचा मोठा आकडा बघून "भरपूर कर्क्युमिन" म्हणायचं, तर तो आकडा नक्की कशाचा? पूर्ण वर्णपट, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींवरचं शोषण, काढणं मिनिटा-दोन मिनिटांचं काम. का नाही काढत?