रायवळ होस्टा

या खेपेची पोस्ट मिनेसोटाहून नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत बसून लिहितेय. मे संपत आलाय, ढग रोज संध्याकाळी डोकावून जातायत आणि अंगणात वाळत घातलेली आमसुलं उचलायची आईची घाई चाललीय. मी मात्र मोबाइलमध्ये पानांचे फोटो बघतेय. "इथं येऊनही तिथलीच झाडं बघायची होती तर आलीस कशाला?" असं आईने दोनदा विचारून झालंय.

तर गोष्ट तिकडच्या घरामागची. तीन वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं तेव्हा उत्तरेच्या भिंतीलगत, जिथं ऊन जेमतेम तासभर येतं, तिथं होस्टाचे चौदा ठोंब होते. लांबून बघितलं तर अळूच वाटेल. आईलाही तेच वाटलं होतं आणि तिचा पुढचा प्रश्न अर्थातच वड्यांचा होता. (जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' या नावाने खरंच भाजी म्हणून खातात. हे कळल्यावर आईच्या लेखी त्याची पत थोडी वाढली.) पण अळूशी त्याचं नातं नाही. तो शतावरीच्या कुळातला. आपला निशिगंध आणि बांधावरचं घायपात हे त्याचे जवळचे भाऊबंद. मूळ गाव जपान, कोरिया, चीन. निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून १८१२ साली त्याचं बारसं झालं. हिवाळ्यात पानं पार कुजून जातात, वर बर्फ साचतो. मग एप्रिलच्या शेवटी मातीतून केळीच्या पोंग्यासारख्या टोकदार सुरळ्या निघतात आणि बघता बघता उलगडतात. ही थंडीतली झोप मिळाली नाही तर हे झाड तग धरत नाही, म्हणून "एक ठोंब आण की इकडे" म्हणणाऱ्या सगळ्यांना मी नाही म्हणते.

आधीच्या मालकीणबाई हौशी होत्या. प्रत्येक ठोंबापाशी त्यांनी नावाची प्लास्टिकची पट्टी खोचली होती. पण उन्हाने आणि बर्फाने अक्षरं उडाली होती, आणि काही पट्ट्या खारींनी उपटून भलतीकडे टाकल्या होत्या. माझ्याकडे आता नऊ कोऱ्या पट्ट्या आणि चौदा बेनाम ठोंब आहेत. तिकडचे होस्टावेडे अशा झाडाला 'नो-आयडी' म्हणतात. होस्टाच्या जाती हजारोंनी आहेत, आणि माझी समजूत अशी होती की फोटो काढायचा, मोबाइलमधल्या ॲपला दाखवायचा, नाव मिळवायचं. ॲपने एकाच ठोंबाला तीन दिवसांत तीन नावं दिली. चौथ्या दिवशी मी विचारलं नाही.

परवा भाऊकाका आले. वडिलांचे चुलतभाऊ, उभा जन्म आंब्याची कलमं बांधण्यात गेलेला. चहा होईपर्यंत त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो बघायला लागले.

"अगो, सगळे फोटो वरूनच काढलेस? पान उलटून नाही बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

"शिरा किती? फूल कधी येतं? देठ हिरवा आहे की त्यावर ठिपके? झाड किती वर्षांचं?"

होस्टा हा शब्द या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता, आणि तिकडचे जाणकार जे विचारतात नेमकं तेच त्यांनी विचारलं. होस्टाच्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना शिरांच्या जोड्या असतात, त्या मोजतात. पान उलटून खाली पांढरट भुरकी आहे का ते बघतात. फूल पांढरं की फिकट जांभळं, जुलैत की ऑगस्टमध्ये, दांडा पानांच्या वर किती जातो, परागकोश पिवळा की जांभळा, हे सगळं टिपून ठेवतात. आणि रोप चार-पाच वर्षांचं होईपर्यंत गप्प बसतात, कारण तान्ह्या रोपाचं पान अरुंद असतं आणि थोराचं पार वेगळं.

निळ्या होस्टानं तर मला वर्षभर बनवलं. मे महिन्यात ते पान निळसर राखाडी दिसतं. ऑगस्टमध्ये तोच ठोंब साधा हिरवा. मला वाटलं माती बिघडली. खरं तर तो निळा रंग नव्हेच, पानावरचा मेणाचा थर असतो. काळ्या द्राक्षावरची भुरकी बोटाने पुसली की खालचा रंग दिसतो ना, तसंच. उन्हापावसाने मेण उतरलं की निळाई संपली. म्हणजे निळ्याची ओळख पटवायची ती वसंतात, आणि पानाला हात न लावता.

काहींची नावं मात्र न चुकता सांगता येतात. ऑगस्टच्या संध्याकाळी एका ठोंबाची लांब पांढरी फुलं उमलतात आणि मागचं दार उघडलं की निशिगंध फुलल्यासारखा वास येतो. ती चीनमधली प्लँटाजिनिया, शंकाच नाही. दुसरा ठोंब निळसर हिरवा, पिवळ्या काठाचा, आणि हा काठ दर वर्षी करपून तपकिरी होतो. तो बहुधा 'फ्रान्सेस विल्यम्स'. त्या नावाच्या बाईंनी १९३६ साली कनेक्टिकटमधल्या एका रोपवाटिकेत, ओळीने लावलेल्या रोपांमधलं हे एकच पिवळ्या काठाचं रोप हेरलं होतं. त्यांची नजर आमच्या भाऊकाकांच्या जातीची असणार.

पण पांढऱ्या काठाचे जे तीन ठोंब आहेत, तिथं माझं घोडं अडलं. 'फ्रान्सी' नावाच्या होस्टाला कधीतरी रुंद काठाचा कोंब फुटला, तो वेगळा काढून वाढवला, त्याचं नाव 'पेट्रियट'. १९९७ साली तो 'होस्टा ऑफ द इयर' ठरला. काठ अरुंद तर आई, रुंद तर लेक. माझ्याकडचा काठ ना धड अरुंद, ना रुंद.

"मग नाव कशाला देतेस?" काका म्हणाले. "कोणी कोणापासून फोडून लावलं ते ठाऊक नाही, तर 'सारखा दिसतो' म्हणायचं. रत्नाचे आईबाप विचार, कोणीही सांगेल: नीलम आणि हापूस, कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेला. तुझ्या झाडाचं असं काय आहे?"

हे मला समजायला हवं होतं. हापूसचा बाठा रुजवला तर हापूस येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. होस्टाचंही तेच. बी पडून उगवलेलं रोप आईसारखं निघत नाही; रंगीत काठाच्या झाडाचं बी पेरलं तरी बहुतेक पोरं साधी हिरवीच होतात. नाव पुढे चालवायचं तर ठोंब फोडूनच लावायचा किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपं करायची. आणि मालकीणबाईंच्या त्या चौदांतले किती विकत आणलेले आणि किती आपसूक रुजलेले, हे सांगायला आता कोणी नाही.

मग काकांनी आवाज उतरवला. "आपल्या परसातला आजोबांचा हापूस आहे ना, तोही कलमाचा नाही. बाठ्याचा आहे. बुंध्याला सांधा कुठे दिसतो का बघ." आई स्वयंपाकघरात होती म्हणून. तिच्यासमोर हे बोलायची त्यांची छाती नाही. त्या झाडाच्या पेट्या चाळीस वर्षं हापूस म्हणून नातेवाइकांकडे गेल्यात. मी जाऊन बुंधा बघून आले. मला सांधा दिसला नाही, पण माझी नजर ती काय.

त्याच आंब्याच्या पलीकडे आमचे रायवळ आहेत, आणि त्यांची नावं कुठल्या पुस्तकात सापडायची नाहीत. साखऱ्या, गोटी, शेपूच्या वासाचा शेप्या, विहिरीवरचा. घरापुरती नावं. शेप्या म्हटलं की कुठल्या झाडाखाली टोपली न्यायची ते सगळ्यांना कळतं, बाजारात त्या नावाने कोणी विकायला जात नाही.

एका फोटोपाशी मात्र काका थांबले. पिवळ्या पानावर शिरांच्या कडेने हिरवी शाई फुटल्यासारखे डाग, मधेमधे पान फुगीर. हा माझा लाडका ठोंब. काहीतरी दुर्मीळ हाती लागलंय असं मी दोन वर्षं मानत होते.

"ह्याला रोग आहे," काका म्हणाले.

रात्री वाचून बघितलं तर हुबेहूब होस्टा व्हायरस एक्सचं वर्णन. मिनेसोटा विद्यापीठातच १९९६ साली हा ओळखला गेला, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावर. गंमत अशी की लागण झालेले काही होस्टा आधी नवी जात म्हणून नाव देऊन विकले गेले होते. रोग पसरतो रसातून: एकाला लावलेली सुरी न धुता दुसऱ्याला लावली की झालं. याला औषध नाही, ठोंब उपटून कचऱ्यात टाकायचा. आणि मी गेल्या वर्षी तो सुरीने फोडून एक तुकडा शेजारणीला भेट दिला, आणि तीच सुरी घेऊन पुढच्या दोन ठोंबांकडे वळले. शेजारणीला काय लिहावं याचा मसुदा कालपासून मोबाइलमध्ये पडून आहे. रस टाकून बघायच्या चाचणीच्या पट्ट्या मिळतात, त्या नवऱ्याला मागवायला सांगितल्यात.

त्यालाच असंही सांगितलं होतं की पान उलटून फोटो काढ, देठ नीट दिसू दे. आज सकाळी त्याचा फोटो आला. रात्री हरणं आली होती. चौदापैकी अकरा ठोंबांवर एक पान शिल्लक नाही, नुसते देठ उभे, दांडीवरून कपडे काढून नेल्यासारखे.

मी मोबाइल काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"बरं झालं," म्हणाले. "देठ आता स्वच्छ दिसतायत. हा बघ, ह्याला ठिपके आहेत."