फेब्रुवारीचा एक दिवस, चवथीचे अठरा दिवस

‘चारने भाग गेला की लीप वर्ष’ हे सूत्र आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. स्मरणिकेच्या या पानावर त्याचा राहून गेलेला भाग आजच्या मुलांसाठी मांडतो.

ऋतुचक्र पुरे व्हायला 365 दिवस 5 तास 48 मिनिटे 45 सेकंद लागतात. चार वर्षांनी एक दिवस घातला की दर वर्षी सहा तास धरले जातात, म्हणजे सव्वाअकरा मिनिटे जास्तच. ती साचत 128 वर्षांत एक दिवस होतो. 1582 पर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, 21 मार्चवरून 11 मार्चवर आला होता. ईस्टर 21 मार्च धरून काढतात आणि आपला गोव्यातला कार्निव्हल ईस्टरवरून, तेव्हा ही चूक सणांपर्यंत पोचणारच. म्हणून त्या वर्षी गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार 15 ऑक्टोबर आला. दहा तारखा गाळल्या, वारांची साखळी मात्र अखंड ठेवली. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला.

तेव्हापासून शतकी वर्षाला 400 ने भाग जावा लागतो. 2000 लीप होते. 1900 नव्हते, 2100 नसेल. संगणकावर एक्सेलच्या चौकटीत 60 लिहून त्याला तारखेचे रूप द्या: 29 फेब्रुवारी 1900 उमटेल. असा दिवस कधी उगवलाच नाही! लोटस 1-2-3 या जुन्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून ती चूक तशीच ठेवली आहे.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी पाहा. 2023 मध्ये ती 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. आधी बारा दिवस अलीकडे आली, मग अकरा. दोन्ही वेळा मधले दिवस 354 च, बारा चांद्रमासांचे. तो एक जादा दिवस म्हणजे 29 फेब्रुवारी 2024. 2026 मध्ये मात्र चवथ 14 सप्टेंबरला, अठरा दिवस पुढे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात तो हाच. पण तो नसता तर चवथ दर वर्षी अकरा दिवस सरकत भर उन्हाळ्यात गेली असती, आणि माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीला, बांधायला पावसात पिकणारी कांगलां ही रानफळे कुठून आणायची?