लसीचा जोर आणि तर्रीची पिशवी

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या मुलांचा २०१२ सालचा अभ्यास आईबापांनी समजून घ्यावा. पाचव्या वर्षी रक्तात पीएफएएस (तेल-पाणी न चिकटू देणारी, सहज न विघटणारी रसायनं) दुप्पट, तर सातव्या वर्षी घटसर्प-धनुर्वाताच्या लसीनं तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास निम्मी. हा संबंध आहे, पक्का कार्यकारणभाव नव्हे. तरी लसीचा कमी प्रतिसाद धरूनच युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२० मध्ये चार पीएफएएस मिळून मर्यादा ठरवली: आठवड्याला किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅम.

ही रसायनं तेल न शोषणाऱ्या कागदी वेष्टनांत सापडतात. प्लास्टिकमधली थॅलेट्स, बीपीए ही रसायनं वेगळी. ती गरम, तेलकट पदार्थात जास्त उतरतात. सांगलीत मिसळीचा उकळता कट, वर तर्री, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मिळतो. तो स्टीलच्या डब्यातच घ्या. आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) पाच-सहा वर्षांचा बूस्टर अजिबात चुकवू नका. प्रतिपिंडं त्यानंच पुन्हा वाढतात.