निदान नाही म्हणून परत

समुपदेशनाच्या खर्चासाठी कंपनीत भरलेला विम्याचा क्लेम पहिल्यांदा परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एवढंच होतं: ‘निदान नमूद नाही.’ ‘सोल्यूशन-फोकस्ड थेरपी’च्या, म्हणजे त्रासाच्या मुळापेक्षा उपायावर भर देणाऱ्या पद्धतीच्या चार बैठका, प्रत्येकी १,५०० रुपये. सहा हजारांसाठी पाच महिने घासलेत, म्हणून हे लिहितोय.

गेलो कशाला, ते आधी सांगतो. प्रमोशननंतर झोप उडाली होती. चाकणहून घरी आलो की बूट काढायच्या आत कुणावर तरी ओरडून व्हायचं. मी आलो की मुलगी खोलीचं दार लोटून घ्यायची. शेवटी बायकोनेच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमची वेळ घेतली. मी वडिलांच्या मारापासून सगळं पाठ करून गेलो होतो, पण त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, “समजा आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि हा त्रास गेला. तुम्हाला पत्ता नाही. सकाळी पहिलं काय वेगळं दिसेल?”

“बसून चहा पिईन,” मी म्हणालो. वाटलं, हसतील. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, “हे आधी कुणाच्या लक्षात येईल?” मुलीच्या, असं म्हटलं आणि पुढे मला बोलता येईना.

मग शून्य ते दहामध्ये आज कुठे आहात? मी तीन म्हणालो. दहा का नाही, याची यादी माझ्याकडे तयार होती. त्यांनी विचारलं, “शून्य का नाही?” खूप वेळ गप्प बसल्यावर आठवलं, की बाइक न नेता कंपनीच्या बसने आलो त्या दिवशी मी ओरडत नाही. मागच्या सीटवर फिटर मंडळींची टिंगल ऐकत तासभर जातो, बस. त्यांनी ते ‘बस’ धरलं. पुढच्या वेळी पहिला प्रश्न होता, “काय बरं झालं?”

आता फॉर्म. त्यात एक चौकट आहे, ‘निदान, सांकेतिक क्रमांकासह’. मॅडमना दाखवली तर त्या म्हणाल्या, या पद्धतीत आजाराच्या नावावाचून काम चालतं. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या नवरा-बायकोनं १९७८ पासून अमेरिकेत मिलवॉकीला ही पद्धत बसवली. त्यांचं म्हणणं असं, की अडचणीचं मूळ खणण्यापेक्षा ती नसते तेव्हा माणूस काय करतो ते पाहा. मी हे एचआरच्या टेबलावर जाऊन सांगितलं. समोरचा म्हणाला, “मिलवॉकीचं ठीक आहे साहेब, पण चौकट रिकामी आहे.”

मॅडमनी मग आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला ‘झेड ७३.०’ हा क्रमांक लिहून दिला, म्हणजे कामाने पिचून जाणं. तोही परत. शेरा: ‘हा आजार नाही.’ मी २०१७चा मानसिक आरोग्य कायदा काढून दाखवला, की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्याही आजाराला. उत्तर आलं, आजार असेल तर ना! आणि ओपीडीचं पॉलिसीत असेल तेवढंच मिळेल. तिसऱ्यांदा परत आला तो मॅडमचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक नाही म्हणून. हा क्रमांक पहिल्याच पावतीवर घ्या, आणि पहिल्याच दिवशी विचारा की निदान लिहून मिळेल का. मूळ पावत्या हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. माझी एक गहाळ केली त्यांनी.

शेवटी निदान लिहून घ्यायला सायकियाट्रिस्टकडे, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. ८०० रुपये. चाळीस मिनिटं त्यांनी तेच खोदलं जे मी विसरत चाललो होतो, आणि तेव्हाच्या त्रासावरून ‘एफ ४३.२’ लिहिलं, परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा विकार. तोवर मी सातवर पोचलो होतो. बरं झाल्याचे पैसे मिळायला आजारी होतो हे सिद्ध करावं लागलं! घरी येऊन त्या दिवशी पुन्हा ओरडलो, हेही सांगून टाकतो. मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, “किती वेळ ओरडलात? आधी किती वेळ ओरडायचात?” राग आला, पण फरक होता खरा.

एक राहिलंच. जीव नकोसा वाटत असेल तर चमत्काराच्या प्रश्नाची वाट पाहू नका, थेट सायकियाट्रिस्ट गाठा किंवा १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. माझं प्रकरण त्यातलं नव्हतं.

चौथ्या बैठकीनंतर मॅडमच म्हणाल्या, आता गरज वाटली तरच या. तर एचआरचा मेल: ‘उपचार सुरू असल्याचा दाखला जोडा.’ पूर्ण झाल्याचा चालेल का, यावर दोन आठवडे गेले.

अखेर सहा हजारांपैकी ४,८०० जमा झाले. सायकियाट्रिस्टचे ८०० बुडाले, कारण जाण्याआधी मॅडमची चिठ्ठी घेतली नव्हती. तुम्ही घ्या. पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा मी बसमध्ये मागच्या सीटवर होतो. फिटरांनी तिथल्या तिथे पार्टी मागितली.