कोड होता, इतिहास नव्हता

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक कन्व्हर्टर आम्ही चौघांनी लिहिला होता. तो जिथे ठेवला होता ती सेवा बंद होणार असल्याचा मेल आला, तेव्हा मी निर्धास्त होतो. कोड लॅपटॉपवर होताच की! सहज लॉग, म्हणजे कोणी, कधी, का बदल केला याच्या नोंदी, बघायला गेलो, तर नेट बंद असल्यामुळे एक ओळही दिसेना. कोडमधले बदल नोंदवायला आम्ही सबव्हर्जन वापरायचो; त्याचा इतिहास सर्व्हरवर असतो, आपल्याकडे नुसती आजची प्रत.

आणि खरा जीव होता तो त्या नोंदींत. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते; रफाराचं नेमकं उलटं. त्यात जोडाक्षर आलं की जी कसरत केली होती, तिची कारणं कोडमध्ये कुठेच नव्हती.

हा इतिहास गिट या दुसऱ्या नोंदप्रणालीत न्यायचं ठरवलं. आधी एसव्हीएनआरडम्प या साधनाने सर्व्हरवरचं सगळं उतरवलं, घरच्या मशीनवर लोड केलं आणि सबव्हर्जनचं गिटमध्ये आणणारं गिट-एसव्हीएन चालवलं. लेखकांच्या यादीत एक टोपणनाव राहिलं म्हणून ते मध्येच अडलं. हा कोण, म्हणून तिघांना विचारून झालं. निघालो मीच, कॉलेजातला. पुढची चूक महागात पडली. नोंदी स्वच्छ दिसाव्यात म्हणून मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक नोंदीखालचा सबव्हर्जनमधला मूळ क्रमांक, वगळला, आणि ‘आर ११२ मधली दुरुस्ती मागे घेतली’ अशा वाक्यांना अर्थच उरला नाही. पुन्हा पहिल्यापासून.

गिटमध्ये प्रत्येक क्लोनसोबत, म्हणजे उतरवलेल्या प्रतीसोबत, सगळा इतिहास येतो. चौघांकडे क्लोन, कोड ठेवणाऱ्या दोन सेवांवर मिरर म्हणजे हुबेहूब प्रती, शिवाय हार्ड डिस्कवर एक बंडल, म्हणजे सगळा इतिहास एकाच फाइलमध्ये. पण आमच्यानंतर काय? म्हणून सॉफ्टवेअर हेरिटेजकडे गेलो. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला हा सोर्स कोडचा संग्रह; युनेस्कोही सोबत आहे. ‘सेव्ह कोड नाऊ’मध्ये पत्ता टाकायचा, बस. सबव्हर्जनचाही चालतो, म्हणून जुनी सेवा सुरू असतानाच तोही दिला. तिथला ओळख क्रमांक मजकुरावरूनच निघतो; गिटमधल्या शेवटच्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, चाळीस अक्षरी हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) माझ्याकडच्याशी तंतोतंत जुळला.

बगवरच्या चर्चा मात्र त्यात येत नाहीत. त्या हाताने उतरवून टेक्स्ट फाइल्स म्हणून रेपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्याच साठ्यात, टाकल्या. दोन रविवार गेले.