सोडणं-जुपणं

पोळ्याच्या आधी घर झाडायला काढलं की सपरीतल्या माझ्या कोपऱ्याचीही झडती होते. यंदा बायकोनं तीन यंत्रं फडक्यानं पुसली, ओळीनं मांडली आणि विचारलं, "हे तिन्ही एकाच कामाचे हायेत नं?" हो म्हटलं तरी फसलो, नाही म्हटलं तरी फसलो.

तिन्ही राउटर आहेत. वायफायचे नव्हेत, लाकडाचे. एक मोटर, तिच्या तोंडाशी कोलेट म्हणजे आवळायची पकड, कोलेटात बिट म्हणजे दांड्याचं पातं. मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते आणि बिटचा जसा आकार तशी लाकडाची कड निघते. पूर्वी याच कामाला गोला-गलत्याचे, म्हणजे कडेला गोलाई-खाचा काढायचे रंधे असत, दर नक्षीला वेगळा. गावातल्या मिस्त्रीकडे तसले पाच-सहा अजून पोत्यात गुंडाळून ठेवलेले आहेत. "इतके रंधे कायले?" असं त्याला कुणी विचारत नाही, हे नोंदवून ठेवतो.

पहिला घेतला तो ट्रिमर, एका हातात मावणारा. निमित्त तान्ह्या पोळ्याचं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागत जातात. नातवाचा नंदी आपल्या हातचा असावा, अशी निवृत्तीनंतरची हौस. पाडलेल्या घराच्या जुन्या दाराची सागाची फळी मिळाली. बल्लारशाच्या डेपोतला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, तो आपल्या खिशाला कुठला परवडायला!

पहिल्याच दिवशी चाकाच्या आसासाठी फळीखाली खाच काढत होतो. सुरुवातीला 5 मिलिमीटर खोल असलेली खाच दुसऱ्या टोकाला 9 झाली. हात स्थिर, मोटर ठीक, मग झालं काय? कोलेट पाव इंची होतं, म्हणजे 6.35 मिलिमीटरचं, आणि मी त्यात 6 मिलिमीटर दांड्याचं बिट बसवलं होतं. पाना जीव लावून आवळला होता, तरी चालता चालता बिट हळूहळू खाली सरकत गेलं. 0.35 मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढं अंतर. बिट निसटून अंगावर आलं नाही, हे नशीब. फळी गेली. बिट पार तळाला टेकवायचं नाही, दोनेक मिलिमीटर वर उचलून मगच आवळायचं, हेही तेव्हाच कळलं.

दुसरा मोठा, अर्ध्या इंची कोलेटाचा. दाराच्या चौकटीसाठी घेतला, असं घरात सांगितलं आहे. तो सुरू केला की स्वयंपाकघरातला दिवा मिचमिचतो आणि आतून आवाज येतो, "लावलं का पुन्हा?" पण जाड बिटाला तोच लागतो, आणि तोही वेग कमी करून. 50 मिलिमीटरचं बिट 24 हजार फेऱ्यांवर फिरवलं तर त्याची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगानं लाकडावर येते. 6 मिलिमीटरचं बिट तेवढ्याच फेऱ्यांत ताशी 27 वर, म्हणजे सायकलच. हा हिशेब मी एकदा पाटीवर मांडला आणि त्या दिवशी मोठ्या बिटाला हात लावला नाही.

तिसरा जुन्या टेबलाखाली उलटा टांगलेला असतो, झाडझुडीपुरता काढला होता. त्याचं समर्थन मला करता येत नाही. एकदा बिटाची उंची जमली की ती मोडवत नाही, एवढंच. बिट बदललं की उंची पुन्हा लावा, वाया तुकड्यावर चालवून पाहा, कागदाएवढा फरक काढा. यात सकाळ जाते.

मिस्त्रीला विचारलं, खरं सांग, किती लागतात? तो तंबाखू मळत म्हणाला, "गुरुजी, एका जोडीवर वखर बी चालते, डवरा बी चालते. सोडा-जुपायची तयारी पाह्यजे." मग थोडं थांबून, "मालदाराच्या कोठ्यात दोन जोड्या राह्यतेत. तिसरी मात्र तमाशालेच."

मला हे पटलं. हौशी माणसानं ट्रिमरवरच काढावं. दार-खिडक्या करायचा नाद लागला तर मोठा घ्यावा. तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी मिस्त्री आला. कुणाचे तरी नंदी राहिले होते, ट्रिमर हवा होता. माझ्या नंदीच्या नव्या फळीच्या तीन कडा गोल झाल्या होत्या, चौथी बाकी. नाही कसं म्हणणार? लावलेलं बिट तसंच ठेवून दिला. जाताना त्यानं पोत्यातला एक रंधा माझ्या हातात ठेवला. मोठा राउटर काढावा म्हटलं तर तेवढ्यात लाइन गेली.

मग कंदिलाच्या उजेडात रंधा. पाती बोथट होती, दगडावर लावून घेतली. पहिले दोन हात अडखळले, मग सागाची गुंडाळी सळसळत बाहेर यायला लागली आणि जुन्या तेलाचा वास सुटला. चौथी कड बाकी तिघींपेक्षा जराशी चपटी झाली आहे. नातवानं नंदी हातात घेतला, चाकं फिरवून पाहिली आणि विचारलं, "आबा, पहिल्यांदा कोणाच्या घरी जायचं? बोजारा जास्त कोण देते?"